मुंबईची हाफ मॅरेथॉन: पेडर रोडसाठी पायांत काहीतरी शिल्लक ठेवा

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये मी २१.०९७ किलोमीटरची हाफ दोन तास सव्वीस मिनिटांत पूर्ण केली. त्यातली आठएक मिनिटे केवळ वांद्रे-वरळी सागरी सेतूवरच्या उत्साहापायी गेली, असे माझे मत आहे.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक, शर्यतीच्या दिवशी मिळत नाही. ते आधीच्या दिवसांत स्वतः जाऊन घ्यावे लागते. मात्र शनिवार टाळावा, कारण तिथल्या रांगेतच पाय निम्मे थकतात. हाफची सुरुवात माहीमच्या रेतीबंदरापासून पहाटे पाचच्या सुमारास होते. त्या दिवशी पहाटे जादा लोकल सोडल्या जातात, तरी वेळापत्रक आदल्या रात्री पाहून ठेवावे आणि स्वच्छतागृहाच्या रांगेसाठी अर्धा तास हाताशी ठेवावा.

एरवी पादचाऱ्यांना मनाई असलेल्या ५.६ किलोमीटरच्या सेतूवर अंधारात, वाऱ्यात, हजारो बुटांच्या आवाजात धावताना पेस, म्हणजे धावण्याचा वेग, आपोआप वाढतो. किलोमीटरला साडेसहा मिनिटे ठरवलेली असताना माझे घड्याळ सहा दाखवत होते आणि मी ते पाहूनही खूश होत होतो. वरळी सी फेस आणि हाजी अली ओलांडून पेडर रोडचा चढ लागला, तेव्हा उजव्या पोटरीत असा गोळा आला की दुभाजकाला धरून उभे राहावे लागले. फुटपाथवर स्टीलचे ताट घेऊन उभ्या असलेल्या एका आजींनी मीठ भुरभुरलेल्या संत्र्याच्या फोडी पुढे केल्या. ‘दोन घे, बाळा, आणि चालत चढ,’ असे त्यांनी बजावले आणि मी निमूटपणे ऐकले. जानेवारी असला तरी मुंबईच्या दमट हवेत घाम भरपूर जातो, त्यामुळे नुसत्या पाण्यावर विसंबू नये. मिठाची किंवा इलेक्ट्रॉलची सोय स्वतःजवळ ठेवावी. पाण्याच्या टेबलांजवळ टाकलेल्या बाटल्यांवरून पाय मुरगळतो, म्हणून तिथे नजर खाली असावी.

चढानंतरच्या उतारावर गमावलेला वेळ भरून काढण्याचा मोह आवरावा, कारण मरीन ड्राइव्ह अजून पुढे असतो आणि त्या लांबलचक वळणावर दुसरे टोक दिसत राहते, पण जवळ येत नाही. सूर्य तेव्हा इमारतींमागे असल्याने निदान सावली मिळते.

शर्यत सीएसएमटीजवळ संपते. परतीची लोकल गाठताना भुयारी मार्गाचा जिना मी कठड्याला धरून उलटा उतरलो, आणि माझ्या शेजारून आणखी दोघे पदकवाले तसेच उतरत होते.