माझा अनुभव : लातूरच्या घरातल्या कॉम्प्युटरमध्ये गावाकडून लॉगिन करताना

अकरा दिवस. लातूरच्या घरात ठेवलेल्या माझ्याच कॉम्प्युटरमध्ये गावाकडून लॉगिन करायला मला अकरा दिवस लागले. त्यातले नऊ एका इंटरनेट कंपनीच्या फोनवर आणि ऑफिसात गेले. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण राग अजून उतरलेला नाही म्हणून बसून सगळं लिहिते आहे. अशाच जागी कुणी अडकलं असेल तर त्याचे तेवढे दिवस तरी वाचतील.

मी मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतल्या पावसाच्या आकड्यांवर पीएचडीचं काम करते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी असायचे. हा विषय तिथूनच डोक्यात बसला. एकेक प्रोग्राम सात-आठ तास चालतो, त्यासाठी लिनक्सचा डेस्कटॉप लातूरच्या घरी आहे. ऑक्टोबरात अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ऐन सोयाबीनच्या काढणीत मला रेणापूर तालुक्यातल्या आमच्या गावी जाऊन राहावं लागलं. गावात लाइटीचा भरवसा नाही, त्यामुळे डेस्कटॉप नेण्यात अर्थ नव्हता. घरी नीटची तयारी करणारा धाकटा भाऊ होता, माझ्याजवळ जुना लॅपटॉप आणि मोबाइलचा हॉटस्पॉट.

एसएसएच, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरमध्ये कुलूपबंद वाटेने लॉगिन करायची सोय, बसवायला दहा मिनिटं लागली. पासवर्डऐवजी चालणाऱ्या चाव्यांची जोडी (दोन फाइली, एक गुप्त आणि एक सार्वजनिक) केली, लॅपटॉपची सार्वजनिक चावी डेस्कटॉपवर टाकली, राउटरमध्ये २२ नंबरचं पोर्ट, म्हणजे एसएसएचचं ठरलेलं दार, डेस्कटॉपकडे वळवलं (यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात). घरातल्या वायफायवरून लॉगिन झालं आणि मी निश्चिंत होऊन एसटीत बसले. इथे थांबून सांगते : घरातल्या घरात चाललं म्हणजे बाहेरून चालेल असं धरू नका. निघण्याआधी लॅपटॉप मोबाइलच्या नेटवर घ्या आणि मग लॉगिन करून बघा.

गावी पोहोचल्यावर स्क्रीनवर एकच ओळ : कनेक्शन टाइम्ड आउट. पुन्हा, पुन्हा तेच.

या ओळी नीट वाचायला मी त्या आठवड्यात शिकले. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर खुशाल आनंद माना, कारण तुम्ही दारापर्यंत पोहोचलात, फक्त चावी किंवा फाइलच्या परवानग्यांत घोळ आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे समोरून कुणीतरी नकार तरी दिला. बहुतेक वेळा मशीन सापडलेलं असतं, पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नसतं. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे हाक मारली आणि काहीच उत्तर आलं नाही. वाटेत कुणी अडवलं की पत्ताच चुकीचा, हे ती ओळ सांगत नाही.

कंपनीला फोन केला. "मॅडम, तुमचं नेट चालू आहे का?" चालू आहे. "स्पीड येतोय का?" येतोय. "मग तक्रार काय लिहू?" मी सांगितलं की बाहेरून माझ्या घरातल्या मशीनपर्यंत पोहोचता येत नाही. त्यांनी काय लिहून घेतलं देव जाणे, तासाभरात मेसेज आला की तक्रारीचं निवारण झालं आहे. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी भावाला राउटर रीसेट करायला लावला. त्यात माझं पोर्टचं सगळं सेटिंग पुसलं गेलं, ते त्याला फोनवरून अक्षर-अक्षर सांगून परत भरावं लागलं. पोराचा अभ्यासाचा अर्धा दिवस गेला.

सहाव्या दिवशी काढणी मजुरांवर सोपवून मी लातूरला त्यांच्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या माणसाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एसएसएच ब्लॉक होत असेल मॅडम, टेलनेट लावून बघा, ते सोपं असतं." मला तिथेच संताप आला. इंटरनेट विकणाऱ्या माणसाने हा सल्ला द्यावा? टेलनेट हे दुरून लॉगिन करायचं जुनं साधन, १९६९ पासूनचं, त्याचं आजचं मानक १९८३ चं, पोर्ट २३. त्या काळी जोडलेली कॉम्प्युटर मोजकी होती, एकमेकांवर विश्वास होता. टेलनेटमध्ये तुम्ही टाइप केलेलं प्रत्येक अक्षर, पासवर्डसुद्धा, जसंच्या तसं उघडं जातं. वाटेत बसलेला कुणीही ते वाचू शकतो. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले, म्हणून तिथल्या तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. फाइली पाठवायच्या एफटीपीचं २१ आणि टेलनेटचं २३ यांच्यामधलं २२ मोकळं होतं, ते त्यांनी मागून घेतलं. ज्या दुखण्यावर हे औषध निघालं, तेच दुखणं हा माणूस मला परत घ्यायला सांगत होता. मी "नको" म्हणून उठले.

आठव्या दिवशी लाइनमनचा फोन लागला. घरी वायर ओढायला आला होता तोच मुलगा. त्याने एकच प्रश्न विचारला : "ताई, राउटरवर वॅन आयपी काय दावतोय?" वॅन आयपी म्हणजे राउटरला कंपनीकडून मिळालेला बाहेरच्या बाजूचा पत्ता. भावाने राउटरचं पान उघडून वाचून दाखवलं : १००.७२ ने सुरू होणारा आकडा. मग त्याच्याकडून ‘माझा आयपी काय’ सांगणारं पान उघडून घेतलं, तिथे १०३ ने सुरू होणारा भलताच आकडा. "मग झालं की," तो मुलगा म्हणाला, "शंभरवाला असला म्हंजे तुमी आमच्या आतल्या लाइनीवर हाव. पोर्ट किती बी उघडा, भाइरून कुणी येत नसतंय."

आठ दिवसांत कुणी न सांगितलेली गोष्ट त्याने दोन वाक्यांत सांगितली. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात सुमारे ४२९ कोटीच आहेत, ते कधीच पुरेनासे झाले. म्हणून कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात आणि आत प्रत्येकाला १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला खाजगी पत्ता लावतात. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला. घरातून बाहेर जाणारी मागणी जाते, तिचं उत्तरही परत येतं. पण बाहेरून आपणहून आलेली हाक कुणाच्या घरी पाठवायची हे कंपनीच्या यंत्राला ठाऊकच नसतं. माझ्या राउटरमधलं पोर्ट उघडं होतं, पण त्याच्या पुढे कंपनीचं बंद फाटक होतं. तेव्हा सगळ्यात आधी हे दोन आकडे जुळवून बघा. जुळले नाहीत तर पोर्ट फॉरवर्डिंगवर एक मिनिटही घालवू नका. आणि घरच्या लाइनीवर व मोबाइलवर दोन्हीकडे आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) मिळत असेल तर आधी ते तपासा, कारण तिथे ही पत्त्यांची टंचाई नाही. माझ्या घरच्या लाइनीवर ते नव्हतं.

नवव्या दिवशी परत ऑफिसात गेले, स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त आपला असा कायमचा बाहेरचा पत्ता, मागायला. फॉर्म भरला, आधारची झेरॉक्स जोडली. पाऊण तास बसवून सांगितलं की तो फक्त व्यवसायाच्या कनेक्शनला मिळतो, जीएसटी नंबर आणा. विद्यार्थिनीने जीएसटी नंबर आणायचा कुठून? हे पहिल्या फोनवर सांगता आलं असतं.

त्याच संध्याकाळी घरी बसून मी उलटा रस्ता काढला आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे. बाहेरून आत येता येत नाही ना, मग आतून बाहेर जायचं. मुंबईतल्या डेटा सेंटरमधला अगदी लहान सर्व्हर महिन्याच्या भाड्याने घेतला. घरचा डेस्कटॉप त्या सर्व्हरकडे स्वतःहून एसएसएच करतो आणि रिव्हर्स टनेल, म्हणजे उलट्या दिशेने आत यायची वाट, उघडून ठेवतो. कमांडमध्ये इंग्रजी मोठा आर (-R), पुढे २२२२:लोकलहोस्ट:२२. म्हणजे सर्व्हरच्या आत २२२२ वर कुणी टकटक केली की ती थेट लातूरच्या डेस्कटॉपच्या २२ वर पोहोचते. गावातून मी मोठा जे (-J) वापरून सर्व्हरवरून उडी मारते आणि २२२२ मधून घरात शिरते. हे २२२२ बाहेरच्या जगाला दिसत नाही, ते सर्व्हरच्या आतल्या आतच उघडतं. तसंच राहू द्या.

सर्व्हरचा लॉग मात्र बघा. चालू करून काही तास झाले नाहीत तोवर रूट, ॲडमिन, टेस्ट अशा नावांनी पासवर्ड ठोकून बघणाऱ्यांच्या ओळीच्या ओळी होत्या. पासवर्डने लॉगिन पूर्ण बंद करा, फक्त चावी ठेवा. ते सेटिंग बदलताना एक खिडकी आधीपासून लॉगिन करून उघडी ठेवा, चुकलं तर तिच्यातूनच दुरुस्त करता येतं. चावीच्या यादीच्या फाइलची परवानगी ६०० आणि तिच्या फोल्डरची ७०० ठेवा, म्हणजे दोन्ही फक्त मालकालाच उघडता येतात. दुसऱ्याला लिहायची मुभा दिसली तर एसएसएच चावी मान्यच करत नाही.

दहाव्या दिवशी लातुरात लाइट गेली आणि सगळं बंद. भावाने बटण दाबून डेस्कटॉप चालू केला तरी टनेल जुळेना. सर्व्हर जुन्या, मेलेल्या जोडणीसाठी २२२२ अडवून बसला होता. त्याला दर ३० सेकंदांनी हाक मारून तीनदा उत्तर नाही आलं तर जोडणी तोडायला सांगितलं, आणि टनेल तुटलं की पुन्हा सुरू करायचं काम डेस्कटॉपच्या सिस्टमडीवर (लिनक्समध्ये मागे चालणारी कामं सांभाळणारा प्रोग्राम) टाकलं. अकराव्या दिवशी व्हिडिओ कॉलवर भावाकडून बायोसमध्ये (मशीनच्या अगदी मूळ सेटिंगमध्ये) लाइट आल्यावर आपोआप चालू होण्याचं सेटिंग करून घेतलं. लातुरात राहणाऱ्याने हे आधी करावं.

आणखी एक, घरच्या मशीनचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्याची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ, निघण्यापूर्वी वहीत उतरवून घ्या. नव्या वाटेने पहिल्यांदा जोडताना एसएसएच तो दाखवून विचारतो, तेव्हा डोळे मिटून ‘यस’ लिहू नका. मी वहीतलं एकेक अक्षर जुळवलं. आणि तासन्तास चालणारं काम टीमक्स या प्रोग्रामच्या आतच चालवा, म्हणजे गावातली रेंज गेली तरी प्रोग्राम थांबत नाही.

त्या रात्री ढग भरून आले, सोयाबीनच्या बनीमवर ताडपत्री टाकून आम्ही अकराला घरात आलो. मोबाइलला एक कांडी रेंज होती. लॉगिन केलं, टीमक्स उघडला. दुपारी लावलेला प्रोग्राम चालूच होता, एकेक ओळ खालून वर सरकत होती : जालना केंद्र, १९७१, मग १९७२. खाटेवरून अण्णांनी विचारलं, "बहात्तरचं हाय का? वाच की."

मी महिन्यामहिन्याचे आकडे वाचून दाखवले.