आमची वाटचाल: बिल अडलं ते व्हॉल्व्हपायी

सांगलीत प्लंबिंगचं दुकान टाकलं तेव्हा पितळी गेट व्हॉल्व्हच खपायचे. प्लास्टिकचा बॉल व्हॉल्व्ह (आत भोक असलेला गोळा, पाव फेऱ्यात उघड-बंद) गिऱ्हाईक हातात घेऊन परत ठेवायचं. पुढे लोक वळले, धंदा वाढला. ते सगळ्यांचंच झालं. सांगायचंय ते सोलर हीटरच्या गरम पाण्याच्या लाइनचं.

एका बिल्डरने सीपीव्हीसी (गरम पाण्याचं प्लास्टिक) पाइप आमच्याकडून नेला, व्हॉल्व्ह मात्र समोरच्या दुकानातून, कारण तिथे स्वस्त. तेही आट्यांचे, पांढरे यूपीव्हीसी, म्हणजे थंड पाण्याच्या प्लास्टिकचे! सॉकेटचे, म्हणजे पाइप आत घालून चिकटवायचे, असते तर बसलेच नसते: एक इंची सीपीव्हीसी पाइप बाहेरून 28.6 मिमी, यूपीव्हीसी 33.4. पण एमटीए (बाहेरून आटे असलेला जोड) लावला की आट्यांवर काहीही जुळतं. 60 अंशांना यूपीव्हीसीची दाब सोसायची ताकद 23 अंशांच्या साधारण पाचव्या हिश्शावर येते, आणि सोलरचं पाणी त्याच्याही वर जातं. आटे सैल पडले, गच्ची गळू लागली आणि बिल अडलं आमचं! बिल्डर म्हणे, "पाइप तुमचाच ना?" समोरच्याने पैसे रोख घेतले होते, त्याला कोण विचारतो? आमचं कंपनीचं देणं थकलं, उधारीचा माल बंद झाला, शटर ओढायची वेळ आली.

तेव्हा एक जुने मिस्त्री रोखीने माल नेत राहिले. त्यांच्या पेटीत पाइप कटर, कानस, मार्कर आणि सोल्युशनचे, म्हणजे पाइप चिकटवायच्या द्रवाचे, दोन डबे: यूपीव्हीसीचा वेगळा, सीपीव्हीसीचा वेगळा. त्यांची पद्धत, कुणी विचारो न विचारो, आम्ही काउंटरवर सांगतोच. पाइप काटकोनात कापायचा, कड मारायची, सुका घालून बघायचा. सॉकेटमध्ये एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश जाऊन अडला पाहिजे. सोल्युशन पाइपला सढळ, सॉकेटला पातळ. सॉकेटमध्ये जास्त ओतलं की ते आत ढकललं जाऊन बॉलवर चढतं, मग हँडल जाम आणि नाव व्हॉल्व्हचं खराब. व्हॉल्व्ह युनियनवाला, म्हणजे नट सोडून मधला भाग काढता येणारा, असेल तर नट आधी पाइपवर सरकवून टोकं सुटी चिकटवा, मधला भाग नंतर बसवा. एकसंध असेल तर उघडा ठेवून चिकटवा. घालताना पाव फेरा, अर्धा मिनिट दाबून धरायचं, 24 तास दाब द्यायचा नाही. युनियनचा नट हातानेच; पाणी ओ-रिंग अडवते, पाना नव्हे.

जीआय निप्पल (जस्त चढवलेल्या लोखंडाचा आट्यांचा छोटा तुकडा) प्लास्टिकच्या आट्यांत पिळू नका. त्याचे आटे निमुळते, प्रत्येक फेऱ्याला सॉकेट फाकतं. भेग त्या दिवशी दिसत नाही. तिथे पितळी इन्सर्टचा एफटीए (आतून आटे असलेला जोड) घ्या, टेफ्लॉन टेपचे तीन-चार वेढे पुरे.

पाणी कमी करायला बॉल अर्धवट उघडा ठेवू नका, सीट, म्हणजे बॉलला टेकलेली रिंग, एका बाजूने झिजते. बोअरचं पाणी जड असेल तर अधूनमधून हँडल फिरवा, नाहीतर क्षार धरून बॉल अडकतो. आणि शेताच्या 63 मिमी पाइपला दोन इंची प्लंबिंगचा व्हॉल्व्ह मागू नका. त्याचं सॉकेट 60.3 मिमीच्या पाइपचं असतं.