संत्र्यांच्या गावात स्कर्व्ही

नवतपाचे, मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाचे दिवस होते. अशा दिवसांत गिनीपिग दवाखान्यात आला की पहिला संशय उष्माघाताचाच. दिघोरीहून आलेल्या बाईंनी बुटांचा खोका टेबलावर ठेवला, झाकण काढलं. "मागचे पाय गेले जी याचे. तीन दिवसांपासून चालूनच नाही राहिला. लकवा असंल का?" सोबत दहाएक वर्षांचा मुलगा. त्याने हळूच नाव सांगितलं, लाडू.

लाडू कोपऱ्यात फुगून बसलेला. केस पिंजलेले, डोळे अर्धे मिटलेले. तापमान 38.6 अंश सेल्सिअस. गिनीपिगला 39.5 पर्यंत चालतं. उष्माघातात ते 41 च्या वर जातं, लाळ गळते, जनावर आडवं पडतं. म्हणजे ऊन नव्हे. मग मागच्या पंजाचं बोट चिमट्याने हलकेच दाबलं. त्याने पाय झटकन ओढून घेतला. पाय ओढतो म्हणजे पायाची नस तरी शाबूत आहे, लकव्याची शक्यता कमी. गुडघ्याला बोट लागलं मात्र, आणि तो असा किंचाळला की बाहेर बाकावर बसलेला लॅब्रेडॉर उठून उभा राहिला. दोन्ही गुडघे सुजलेले. ओठ वर करून पाहिलं तर पुढच्या दातांच्या मुळाशी रक्ताची बारीक रेघ. वजन 590 ग्रॅम, पाठीचे मणके हाताला लागत होते.

पाय दुखतात म्हणून तो चालत नव्हता, आणि हिरड्या दुखतात म्हणून खात नव्हता.

"खायला काय देता?"

"उन्हाळा आहे म्हणून काकडी, टरबूज. आणि दुकानातला सशाचा दाणा."

"हिवाळ्यात?"

मुलगा म्हणाला, "संत्र्याच्या दोन फोडी, रोज. आता संत्री कुठं भेटतात?"

रोगाचं निदान त्या दोन फोडींत होतं. गिनीपिगला माणसासारखंच शरीरात क जीवनसत्त्व तयार करता येत नाही. ते रोज पोटात जावं लागतं, नाही गेलं तर स्कर्व्ही होते: हिरड्यांतून रक्त येतं, सांधे सुजतात. (1907 मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश यांनी गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवलं आणि त्यांना स्कर्व्ही झाली. माणसाच्या स्कर्व्हीचा अभ्यास प्राण्यावर करता येतो हे तिथून कळलं.) संत्र्यात 100 ग्रॅमला साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम असतं. दोन फोडींत जेमतेम दहा, पण लाडूला तेवढं तारून नेत होतं. मृग बहाराची संत्री एप्रिलमध्ये संपली. काकडीत ते 100 ग्रॅमला तीनएक मिलिग्रॅम, टरबुजात आठच्या आसपास. सशाच्या दाण्यात ते सहसा घालत नाहीत, कारण सशाला लागत नाही. गिनीपिगच्या दाण्यात घालतात, पण तो दळल्यापासून तीनेक महिन्यांतच त्याचा जोर उतरतो, आणि आपल्याकडे पत्र्याखालच्या दुकानात उघड्या पोत्यातून तो किलोवर मिळतो. तारीख कोण पाहतं? पुरवठा तुटल्यावर दोन-तीन आठवड्यांत लक्षणं दिसायला लागतात.

एक्स-रे काढला. गुडघ्यांजवळ हाडांची टोकं रुंदावलेली, कुठेही मोड नाही.

मी औषध लिहीत होते तेवढ्यात बाईंनी पिशवीतून अर्धी बाटली काढली. मुलाच्या घशासाठी आणलेलं अमोक्सिसिलिनचं सिरप. "हे देऊ का? सूज आहे ना."

"दिलं तर नाही ना?"

"आज रात्रीपासून देणार होतो."

ती बाटली मी टेबलाच्या माझ्या बाजूला ओढून घेतली. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं गिनीपिगला आणि हॅमस्टरला तोंडाने दिली की आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम नावाचे घातक जंतू माजतात, आणि जनावर काही दिवसांत जुलाबाने जातं. स्कर्व्हीतून वाचलेला लाडू त्या गोड सिरपाने गेला असता.

उपचार साधा होता. क जीवनसत्त्व किलोला 50 मिलिग्रॅम, म्हणजे त्याला 30, रोज कातडीखाली, पाच दिवस. सोबत वेदनाशामक. पुढे तोंडाने रोज 15 मिलिग्रॅम: साधी 100 ची गोळी कुटून चमचाभर पाण्यात, त्यातला सातवा हिस्सा सिरिंजने, उरलेलं फेकायचं. पाण्याच्या बाटलीत टाकू नका, हे दोनदा सांगितलं. तिथे ते दिवसभरात बरंचसं निकामी होतं, शिवाय चव बदलली की प्राणी पाणीच कमी पितो. मल्टिव्हिटॅमिनही नको, त्यातलं ए आणि डी साचतं.

खाणं थांबलं की याचं आतडंही थांबतं, म्हणून बारा तास उपाशी गिनीपिग ही तातडीची केस. भिजवून मऊ केलेला दाणा दहा मिलिलिटर, दिवसातून पाच वेळा. सिरिंज समोरून नाही, ओठाच्या कडेने, पुढच्या दातांच्या मागे. उताणं धरायचं नाही, घास श्वासनळीत जातो.

राहायला पोपटाचा पिंजरा होता, खाली तारेची जाळी. तळवे लाल झालेलेच होते, आणखी महिन्याभरात जखमा झाल्या असत्या. जाळी काढून चार बाय दोन फुटांचा खोका, वर्तमानपत्रं, त्यावर जाडसर वाळलेली हरळी. ही हरळी बिछाना नाही, मुख्य जेवण आहे. दाढा आयुष्यभर वाढतात, त्या झिजवायला गवतच लागतं. लसूणघास मोठ्या गिनीपिगला रोज नको, त्यातल्या कॅल्शियमने मूतखडे होतात. भाजीत शिमला मिरचीची बोटभर रुंद फोड रोज, थोडा सांबार, म्हणजे कोथिंबीर. उन्हासाठी फुटका माठ आडवा ठेवून बाहेरून ओला करायचा, तो आपणहून आत जाऊन बसतो. कूलर खोलीत चालेल, झोत अंगावर नको. पावसाळ्यात तोच कूलर नुसती दमट हवा देतो, तेव्हा पंखा.

सहाव्या दिवशी लाडू खोक्यातून आपल्या पायांनी बाहेर आला. काट्यावर 635.

मुलाला आता लाडूसाठी जोडीदार हवा होता. हट्ट बरोबरच आहे, हा कळपाचा प्राणी. (हॅमस्टर मागितला असता तर एकटाच ठेव म्हटलं असतं, मोठे झाले की एकमेकांना फाडतात.) दुकानात जाशील तेव्हा आधी नुसता उभा राहा, म्हटलं, तो खाताना दिसू दे. नाक-डोळे कोरडे, ढुंगण स्वच्छ, श्वासाला घरघर नको. आणि नर की मादी हे दुकानदाराच्या शब्दावर घ्यायचं नाही. तिथे सगळे एकाच पेटीत असतात, मादी दुसऱ्या महिन्यातच गाभण राहू शकते, आणि दोनाचे पाच झाले की ते माझ्याकडेच येतात. आणलेला पंधरा दिवस वेगळ्या खोलीत.

"आणि आधी इथं दाखवायला आणू?" त्याने विचारलं.

"आण. येताना शिमला मिरची घेऊन ये."

लाडूने तोवर पिशवीची खसखस ऐकली होती. मान वर करून त्याने शिट्टी मारली.