आमची वाटचाल : बिरडं, फणस आणि बाकीचं सगळं

पाटीवर "हाताने सोललेले कडवे वाल" असं लिहिणारे कल्याणला आमच्या भागात पहिले आम्ही, हे आधीच सांगून टाकते, कारण आता स्टेशनपासून इकडे येईपर्यंत तीन-चार दुकानांवर तेच लिहिलेलं दिसतं आणि नवीन राहायला आलेल्या लोकांना वाटतं आम्हीच त्यांचं बघून लिहिलं. पुतण्या म्हणाला काकू एकदा सगळं लिहून काढ म्हणजे विषय संपेल. विषय संपणार नाही, पण लिहितेय. पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्यांना यातलं अर्धं माहीत असेल, त्यांनी मधलं सोडून दिलं तरी चालेल.

मी मूळची साताऱ्याकडची. आमच्याकडे पावटा, घेवडा, फार तर मटकी. वाल भिजवून, मोड आणून, वर परत एकेक दाणा सोलून खातात हे मला लग्न होऊन कल्याणला आल्यावर कळलं आणि खरं सांगते, लोकांना कामं नाहीत असंच वाटलेलं. शेजारच्या वैनी अलिबागच्या. १९९६ ला ह्यांच्या कंपनीला टाळं लागलं तेव्हा मी घरातून पोळीभाजीचे डबे सुरू केले आणि वैनी म्हणाल्या पोळ्या काय सगळेच करतात, आपण बिरडं देऊ, म्हणजे या वालांची उसळ. सोललेलं, नुसतं फोडणीला टाकायचं.

आता यातली गोम अशी की आमच्या सगळ्या गिऱ्हाईक बायका लोकलने जाणाऱ्या. संध्याकाळच्या गाडीत लेडीज डब्यात बघा, मांडीवर पिशवी घेऊन कोणी मटार सोलतंय, कोणी मेथी निवडतंय, गवारीच्या शिरा काढतंय, घरी पोचेपर्यंत भाजी तयार. वाल तसे नाही सोलता येत. त्यांना कोमट पाणी लागतं, परात लागते आणि बुड टेकून तासभर बसायला लागतं. म्हणजे जिला बिरडं आवडतं तिच्याकडेच नेमका वेळ नाही. हे वैनींच्या डोक्यात आलं, माझ्या नाही. त्या स्वतः सकाळच्या गाडीने ठाण्यापर्यंत पाकिटं घेऊन जायच्या, डब्यातल्या ग्रूपला द्यायच्या, पुढच्या गाडीने परत. पास त्यांचा स्वतःचा, एक रुपया धंद्यातून घेतला नाही कधी.

सामान काय होतं, दोन पितळी पराती, वैनींच्या सासूची बांबूची रोवळी आणि जुन्या धोतरांचे पंचे. रोवळी अजून आहे. कोणी म्हणेल प्लास्टिकची चाळणी घ्या, घ्या बापडे, पण प्लास्टिकच्या चाळणीत पाणी तळाला धरून राहतं आणि तळचे वाल चिकट होऊन वास मारतात. रोवळीत निथळून कोरडे होतात. पहिलं पाणी फेकायचं, त्यात कडू उतरतो. मग पंच्यात घट्ट बांधून वर ताट उपडं. मे महिन्यात एका रात्रीत मोड, डिसेंबरात दोन रात्री गेल्या तरी नुसतं टोक दिसतं, तेव्हा आम्ही गाठोडं कणकेच्या डब्यात ठेवायचो. पावसाळ्यात सगळ्यात वाईट, मोड येतात पण दमटपणाने बुरा धरायची भीती, रात्री उठून हुंगून बघायला लागतं. मोड आले की कोमट पाण्यात घालून अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाणा धरायचा, जरा दाबला की साल हातात राहते आणि डाळिंबी टुणकन परातीत. जास्त दाबला तर दोन फाकी होतात, त्या वेगळ्या, त्या डाळिंबी भाताला चालतात. गणंग, म्हणजे न भिजलेले टणक दाणे, निघतात ते बाजूला. संध्याकाळी बोटांची टोकं पांढरी सुरकुतलेली आणि नखांच्या कडा काळ्या, लग्नाकार्याला जायचं असलं की पंचाईत.

पहिली काही वर्षं सोडते, चाललं होतं. बायका वाढल्या, किलोमागे मजुरी, दुपारी सिरियल बघत सोलायच्या. खाडीकडच्या बाजूला एक तळमजल्याचा गाळा भाड्याने घेतला. वाल आम्ही वर्षाचे एकदम भरायचो. भात कापल्यावर त्याच ओलीवर पेण-अलिबागकडे वाल होतात, शिमग्याच्या पुढेमागे नवीन माल येतो, तेव्हा घेतला तर ठीक, नाहीतर श्रावणात व्यापारी सांगेल तो भाव. (घेताना दाणा दाताखाली धरून बघा. खट्कन फुटला तर वाळलेला. दात रुतला तर तो माल दोन महिन्यांत भुंगा धरणार. आणि गोड्या वालाला कडवे म्हणून गळ्यात मारतात, सांभाळा.) तर २००५ ला आम्ही पहिल्यांदा कर्ज काढून बारा पोती भरली. गाळ्याच्या मालकाला मी दोनदा म्हटलं होतं की लाकडी माळा घालून द्या, खर्च अर्धा आम्ही देतो. तो म्हणाला भिंतीला भोकं नकोत. भिंतीला भोकं नकोत!

२६ जुलै. सगळे मुंबईचंच सांगतात, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर वगैरे, पण उल्हास नदीने बदलापूर, कल्याणचं काय केलं ते ज्यांनी भोगलं त्यांनाच माहीत. आम्हाला गाळ्याकडे जाताच आलं नाही. पाणी ओसरल्यावर शटर उघडायला गेलो तर वर जाईना, आतून दाब. दोन माणसांनी उचकटलं तेव्हा कळलं, वाल फुगले होते. पोती उसवून फुटलेली, माल गाळ्यात दाराला टेकेपर्यंत पसरलेला, वर चिखल आणि खाली सगळ्याला मोड आलेले. एवढे लांब, एकसारखे मोड मी परत कधी पाहिले नाहीत. वैनी दारातच बसल्या आणि हसायलाच लागल्या, म्हणाल्या बघा, आपण पंचे बांधून बांधून मरतो. मग रडल्या. नाल्याचं पाणी शिरलेलं, एक दाणा वापरायचा नव्हता. एक शेजारी म्हणाला धुवून उकळून घ्या, हॉटेलवाल्यांना कळत नाही. तसलं आम्ही केलं नाही, करणारही नाही. सगळं महापालिकेच्या गाडीत टाकलं. गाडीवाल्याने सुद्धा वासाचे वेगळे पैसे मागितले. पंचनाम्याला आला तो माणूस म्हणाला राहत्या घराचं असेल तर सांगा, गाळ्याचं मी लिहीत नाही.

श्रावण आठवड्यावर आलेला. आमचा अर्धा धंदा श्रावणातला, त्यातही सोमवारचा, संध्याकाळी उपास सोडायला बिरडं, वरणभात, वर काही गोड. हातात माल नाही, कर्जाचा हप्ता चालू. बायकांना सांगितलं दुसरीकडे बघा.

ठाण्याचे नाना म्हणून आमचं एक गिऱ्हाईक होतं, बँकेतून रिटायर. अतिशय किरकिरा माणूस. अर्धा किलो नेणार आणि घरी जाऊन परत वजन करणार, दहा ग्रॅम कमी भरलं की लँडलाईनवर फोन. वैनी त्यांना बघितलं की काट्यावर दोन दाणे जास्तच टाकायच्या. तर नाना गाड्या सुरू झाल्यावर आले, म्हणाले सोमवारचं काय? मी गाळा दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी परत आले ते पिशवी घेऊन, आत पाच किलो वाल, त्यांच्या पेणच्या घरचे. म्हणाले हे सोला, मजुरी किती ते सांगा, आणि सोलल्यावर किती भरतं ते मी लिहून ठेवणार आहे. दया वगैरे काही नाही हां, पावती मागितली त्यांनी मजुरीची.

तिथून सुटलो आम्ही. कारण पेण, रोहा, मुरूड, अलिबागकडची गावं असलेल्या घरांत गावाहून वाल येतातच, डबे भरून पडलेले असतात, सोलणारं कोणी नाही. नानांनी त्यांच्या बिल्डिंगमध्ये सांगितलं, त्या बायकांनी पुढे सांगितलं. माल त्यांचा, मजुरी आमची, भांडवल शून्य. त्या श्रावणात आम्ही एक किलो वाल विकत न घेता धंदा केला. प्रत्येकाच्या गाठोड्याला नावाची चिठ्ठी सेफ्टी पिनने, कारण यांचे वाल त्यांना गेले तर महाभारत. आजही मजुरीवर सोलून देतो आम्ही. वाल फुगून दुप्पट होतात, पण साल आणि गणंग जातात, त्यामुळे "दिले तेवढे परत का नाहीत" विचारू नका.

नाना आता नाहीत. त्यांच्या सूनबाई येतात. वजन बघतसुद्धा नाहीत, मला उगीच चुकल्यासारखं होतं.

मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत, कर्ज फिटलं, गाळा बदलला, पहिल्या मजल्यावर घेतला. हॅंड सीलर आला, मग डीप फ्रीझर, तो एका आइस्क्रीम पार्लरचा जुना, झाकणाचं रबर बदलून अजून चालतोय.

मग तो आला. नाव नाही लिहीत. बरोबर समोर दुकान, काचेचं दार, वर बोर्ड, हाताने सोललेले, आमच्यापेक्षा किलोला वीस रुपयांनी कमी. मला कळेना परवडतं कसं, मजुरीच तेवढी होते. शेवटी आमच्याकडची एक मुलगी जास्त पैशांसाठी तिकडे गेली आणि महिन्याभरात परत आली, तिने सांगितलं. गरम पाण्यात सोडा घालायचा, वाल टाकायचे, गोणपाटात भरून चोळायचे, साली आपोआप सुटतात. दिसायला डाळिंब्या पिवळ्याधमक. शिजवल्यावर पिठलं. बिरड्यात दाणा अख्खा राहिला पाहिजे आणि जिभेने दाबला की विरला पाहिजे, त्यासाठी तर सगळा खटाटोप. लोकांना कळलं, पण एक आख्खा श्रावण गेल्यावर कळलं, आणि काहीजणींनी तर आम्हालाच विचारलं की तुमचे हल्ली शिजायला वेळ का लागतो!

वर कहर म्हणजे त्याने आमचं पत्रक उचललं. आम्ही पाकिटात कृतीचा कागद घालायचो, ओवा-हिंगाची फोडणी, आमसूल, गूळ, ओलं खोबरं, झाकणावर पाणी ठेवून मंद शिजवावे. शेवटची ओळ "मध्ये मध्ये ढवळू नये". प्रेसवाल्याने छापलं "मध्ये मध्ये ढवळून ये". आम्ही कागद संपेपर्यंत पेनाने दुरुस्त करायचो. त्याच्या पत्रकात, रंगीत, ग्लॉसी पेपरवर, मोठ्या अक्षरांत, "मध्ये मध्ये ढवळून ये". वैनींनी ते जपून ठेवलंय. मुलाकडे पुण्याला गेल्या तेव्हा बरोबर नेलं. त्याच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

या सगळ्यात फळांचं राहिलंच, खरं तर आता निम्मा धंदा तोच आहे. नुसत्या वालावर गाळ्याचं भाडं निघत नाही, श्रावण संपला की बायकांना काम काय देणार. म्हणून उन्हाळ्यात कुयरी. कोवळा फणस, गरे धरायच्या आधीचा. कोयत्याला आणि कोपरापर्यंत हाताला खोबरेल, खाली जाड रद्दी, कापल्या कापल्या चीक फडक्याने पुसायचा, पाण्याने धुवायला गेलात की संपलं, हात, कोयता, नळ सगळं चिकटतं. तुकडे वाफवून, ठेचून, त्यात वाल किंवा काळे वाटाणे, वरून सुक्या मिरचीची फोडणी आणि भरपूर खोबरं. लोक फणस घरी कापायला घाबरतात हे वालासारखंच आहे, आवड आहे पण कोण करणार. केळफूल तसंच. प्रत्येक फुलातला दांडा आणि पापुद्रा काढायचा, ताकाच्या पाण्यात रात्रभर, मग वाटाणे घालून भाजी. चैत्रात कैरी घालून वाटली डाळ आणि पन्हं, हळदीकुंकवाच्या ऑर्डरी. डाळ रवाळच वाटायची, मिक्सरवाल्यांनी बटण नुसतं टिचकीने मारा, लगदा केलात तर मला नावं ठेवू नका. कच्च्या केळ्याचे काप रोज. पिकल्या फणसाच्या आठळ्या आम्ही टाकत नाही, त्या वालात जातात, आणि तो डबा सगळ्यात आधी संपतो.

२०१८ ला प्लास्टिकबंदी आली तेव्हा सगळे रडले, आम्हाला बरंच झालं, लोक घरून डबे आणायला लागले आणि पाकिटांचा खर्च वाचला. लॉकडाऊनमध्ये प्रत्येक सोसायटीत दोन-दोन घरगुती केंद्रं निघाली, चांगलंय, पण त्यातल्या मुली मला फोन करून विचारतात म्हणून सांगते. फूड रजिस्ट्रेशन स्वतः काढा. आम्ही काढलं तेव्हा बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाला १०० रुपये फी होती आणि एजंटने माझ्याकडून तीन हजार घेतले. केटररला उधार देऊ नका, कितीही ताई ताई करू दे. एका लग्नाचं डाळिंबी भाताचं बिल अजून यायचंय आणि त्या लग्नातल्या मुलीची मुलगी आता शाळेत जाते. आणि पोती जमिनीवर ठेवू नका, पहिल्या मजल्यावर असलात तरी फळीवर ठेवा.

मशीनचं पण विचारतात. एकजण डेमो दाखवायला आलेला, मोठं ड्रम, आत रबराचे दांडे. अर्ध्या डाळिंब्या फुटल्या आणि बाकीच्यांना साल तशीच. मी त्याला म्हटलं हे तू त्या फुटलेल्यांचा डाळिंबी भात होईल तेवढ्याच किमतीला देणार का, तर चहा न पिता गेला.

यंदाच्या श्रावणाचं बुकिंग घेतोय. सोमवारचं बिरडं हवं असेल तर गुरुवारपर्यंत सांगा, शुक्रवारी रात्री वाल भिजतात, त्यानंतर फोन करून "थोडं तरी बघा ना" म्हणू नका, मोड माझं ऐकत नाहीत. मजुरीवर सोलून हवे असतील तर वाल बुधवारी आणून द्या, निवडून, खडे काढून. डबा झाकणाचा आणा, नाव घालून.