सीसीसीपी जॅकेट: पट्ट्यांचा गुलाबी परत आला

छातीवर सीसीसीपी (सोव्हिएत युनियनची रशियन आद्याक्षरं) असलेलं हे जुनं लाल फुटबॉल जॅकेट, बाह्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांत त्याचा लाल रंग उतरलाय. हायड्रोजच्या (रंग उडवणारी सोडियम हायड्रोसल्फाइट पावडर) पाण्यातून पांढरीशुभ्र निघालेली डाव्या बाहीची पट्टी वाळेपर्यंत पुन्हा गुलाबी झाली. अपडेट त्यासाठीच.

आधी चांगली बातमी. कॉलरचा पिवळेपणा सायट्रिक अॅसिडने गेला: लिटरला ५ ग्रॅम, कोमट पाणी, अर्धा तास. प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिलेल्या पांढऱ्या नायलॉनचं हे जुनंच दुखणं. पिशवीच्या प्लॅस्टिकमधल्या बीएचटी या टिकाऊपणासाठीच्या रसायनापासून पिवळा रंग तयार होतो आणि आम्लात तो मावळतो. ब्लीच मारणारे उगाच कापड खातात.

पण पट्ट्यांवरचा पिवळा उतरला आणि खालचा गुलाबी उघडा पडला. कोपराशी सर्वांत गडद, खांद्याकडे फिका, म्हणजे कडक इस्त्रीचा प्रताप. अंगाचं लाल कापड पॉलिएस्टर, त्यात डिस्पर्स रंग, म्हणजे पॉलिएस्टरसाठी वापरतात तो प्रकार. पट्टीची टेप मात्र नायलॉन: ८५ टक्के फॉर्मिक अॅसिडच्या थेंबात टेपचा धागा विरघळला, लाल धागा जसाच्या तसा. उष्णतेने सुटलेला डिस्पर्स रंग नायलॉन चटकन पितं, आणि तो तंतूच्या आत जात असल्याने साबणाचं काही चालत नाही.

ब्रशने जागच्या जागी हायड्रोज लावायचा बेत आतल्या शिवणीवर तपासला तेव्हाच बाद झाला, लालही उतरतो. म्हणून पट्टी उसवली. दर चौथा टाका कापून खालचा दोरा ओढला की टेप न ताणता सुटते. जुनी भोकं जपायची, परत शिवताना तीच खूण. नवी टेप लावायचा सल्ला आला होता, पण मग ते जॅकेट जुनं कसलं?

आता परतलेल्या रंगाबद्दल. रंगांच्या दोन जाती इथे महत्त्वाच्या, अॅझो आणि अँथ्राक्विनोन. अॅझो रंग असता तर हायड्रोजने त्याचा रेणू तुटून विषय संपला असता. हा बहुधा अँथ्राक्विनोन आहे, निळसर झाक असलेल्या चमकदार लालांत तो नेहमीचा. तो तुटत नाही, फक्त रंगहीन होतो आणि हवा लागली की पूर्ववत. म्हणजे पांढरा असतानाच त्याला तंतूबाहेर काढायला हवं.

नवी कृती: ७० अंशांचं पाणी, लिटरला सोडा अॅश (धुण्याचा सोडा) ३ ग्रॅम, हायड्रोज ५ ग्रॅम, नॉन-आयोनिक डिटर्जंट १ ग्रॅम. स्टीलचं भांडं (अॅल्युमिनियमला सोडा खातो), झाकण लावून २० मिनिटं. बाहेर काढून वाळवायचं नाही. थेट दुसऱ्या ताज्या गरम पाण्यात, मग तिसऱ्या. शेवटी सायट्रिकचं पाणी, नाहीतर सोड्यामुळे पिवळा डोकं वर काढतो. पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी कधीच नाही: ओलसर हायड्रोज तापून पेट घेतं. खिडकी उघडी ठेवा.

सुटं हायड्रोज घेऊ नका, हवा लागून मेलेलं असतं. मत्स्यालयाच्या दुकानातल्या मिथिलीन ब्लूचा थेंब टाका. रंग क्षणात उडाला तर माल जिवंत.

लिहिता लिहिता सुचलं: त्याच पाण्यात पांढऱ्या नायलॉनच्या चिंध्या सोडल्या तर सुटलेला रंग तिकडेही वाटला जाईल. डाव्याच बाहीची दुसरी पट्टी तशीच करणार, आणि तिचा पांढरा टिकतो हे दिसेपर्यंत उजवी बाही उसवणार नाही.

जॅकेट कोणत्या सालाचं, हे कोडं सुटलेलं नाही. विक्रेते प्रत्येक लाल जॅकेटला 'युरो ८८' (१९८८ ची युरोपीय फुटबॉल स्पर्धा) म्हणतात, कारण भाव चढतो. त्या स्पर्धेत प्रशिक्षक लोबानोव्स्कीच्या सोव्हिएत संघाने गटात रात्सच्या गोलवर नेदरलँड्सला १-० हरवलं आणि २५ जूनला म्युनिकच्या अंतिम सामन्यात त्यांच्याकडूनच ०-२ मार खाल्ला. बेलानोवची पेनल्टी व्हान ब्रुकेलेनने अडवली. पण नुसत्या अक्षरांवरून एवढंच ठरतं की जॅकेट सोव्हिएत काळातलं: १९९२ च्या युरोत संघ सोव्हिएत विघटनानंतरच्या राष्ट्रकुलाच्या (सीआयएस) नावाने उतरला. हे गोव्यातून आलं म्हणून १९८९ च्या मडगावच्या नेहरू कप फुटबॉल स्पर्धेशी नातं जोडायचा मोह होतो. तिथे सोव्हिएत संघ अंतिम सामन्यात हंगेरीकडून हरला होता. पण गोव्यात सापडलं हा काही पुरावा नव्हे. त्या वेळचे मडगावच्या फातोर्डा स्टेडियमचे फोटो असतील तर बाहीच्या पट्ट्या कफपर्यंत जातात की आधी थांबतात, तेवढं बघून सांगा.

शिवणीसाठी ७५ नंबरची बॉलपॉइंट सुई आणि पांढरा पॉलिएस्टर दोरा आणून ठेवलाय. छातीवरच्या अक्षरांना सध्या हात नाही, आणि इस्त्री तर अजिबात नाही.