सी-मधला चॅट सर्व्हर: ओळी जुळायला लागल्या

सी भाषेत मी एक चॅट सर्व्हर लिहिते आहे, म्हणजे जोडलेल्या प्रत्येक क्लायंटचा निरोप बाकीच्यांना पोचवणारा प्रोग्राम. जोडणी घ्यायला लागणाऱ्या सॉकेट, बाइंड, लिसन, ॲक्सेप्ट या चार कॉलवर (सिस्टिमला करायच्या विनंत्यांवर) फार लिहीत नाही. १९८३च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीपासून हीच चौकट चालत आली आहे आणि मॅन पानांत (सिस्टिमच्या मदत-पानांत) ती नीट सापडते. एकच सांगते: बाइंडच्या आधी रीयूज-ॲड्रेसचा (तोच पत्ता लगेच परत वापरू देणारा) पर्याय लावून घ्या. क्लायंट जोडलेले असताना सर्व्हर बंद करायला कंट्रोल-सी मारला की जोडणी आधी सर्व्हरकडून मिटते, टाइम-वेटमध्ये (मिटल्यानंतर थोडं थांबण्याच्या अवस्थेत) जाते आणि लिनक्सवर पुढची ६० सेकंदं तोच पोर्ट (जोडणीसाठीचा क्रमांक) परत बाइंड करता येत नाही. सारखं कंपाइल करून चालवून बघणाऱ्याला एवढं थांबणं नको होतं.

या टप्प्याचं खरं काम आलेल्या तुकड्यांतून पूर्ण ओळी जुळवण्याचं होतं. ही जोडणी ज्या नियमांनी चालते ते टीसीपी निरोप पोचवत नाही, बाइटची सलग धार पोचवतं. समोरून एकदा सेंड झालं म्हणजे इकडे एका रिसीव्हमध्ये तेवढंच हाती येईल, अशी हमी कुठेच नाही. इंग्रजीत टाइप करून तपासलं तर तुकडे पडूनही अक्षरं शाबूत राहतात. मराठीत तसं होत नाही, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये (अक्षरं बाइटमध्ये मांडायच्या पद्धतीत) ३ बाइट घेतं, काना आणि हलन्तसुद्धा.

म्हणून रिसीव्हचा बफर (आलेले बाइट ठेवायची जागा) मुद्दाम १६ बाइटचा ठेवला. ऐरोलीच्या घरी, एकाच वायफायवर, धाकट्या भावाने त्याच्या लॅपटॉपवर नेटकॅट (टाइप केलेलं जोडणीवर पाठवणारं साधन) उघडून ‘नमस्कार ताई’ लिहिलं आणि एंटर दाबलं. ओळ संपल्याच्या बाइटसह हे बरोबर ३२ बाइट, म्हणजे दोन रिसीव्ह. पहिल्यात ‘नमस्क’चे १५ बाइट आणि पुढच्या कान्याचा फक्त पहिला बाइट. आलेल्या प्रत्येक तुकड्याआधी सर्व्हर पाठवणाऱ्याचं नाव लावतो, ते नाव नेमकं कान्याच्या पोटात शिरलं आणि पडद्यावर चौकोन उमटले. इतकी स्वच्छ चाचणी हाती लागल्याचा मला फार आनंद झाला.

आता प्रत्येक क्लायंटला स्वतःचा बफर आहे. त्यात बाइट साठत जातात, ओळ संपल्याचा बाइट दिसला की तिथपर्यंतचं पुढे पाठवायचं, उरलेलं सरकवून सुरुवातीला आणायचं. हा शोध बाइट-बाइट करत गेलं तरी चालतं, कारण यूटीएफ-८च्या बहुबाइटी अक्षरांत प्रत्येक बाइटचा सर्वांत वरचा बिट १ असतो. ओळ संपल्याचा १० हा आकडा तिथे येऊच शकत नाही. ही रचना मला मनापासून आवडते.

बरेच क्लायंट एकत्र सांभाळायला थ्रेड (प्रत्येकासाठी समांतर चालणारा धागा) न घेता पोल, म्हणजे कोणता सॉकेट तयार आहे ते सांगणारा कॉल, वापरलं. इथे एक चाचणी जरूर करून बघा: एका क्लायंटवर कंट्रोल-झेड दाबा आणि दुसऱ्याकडून भरपूर मजकूर सोडा. थांबलेला क्लायंट वाचत नाही, त्याची विंडो (अजून किती बाइट घेता येतील तो आकडा) शून्यावर येते, मग सर्व्हरकडचा पाठवायचा बफर भरतो, आणि ब्लॉकिंग (काम होईपर्यंत थांबून राहणारं) सेंड तिथेच अडकून सगळ्यांचं बोलणं थांबतं.

त्यामुळे पुढचा टप्पा ठरला: सॉकेट नॉन-ब्लॉकिंग करायचे, प्रत्येकाला बाहेर जाणाऱ्या मजकुराची रांग द्यायची आणि रांगेत काही असेल तेव्हाच पोलला लिहिण्याबद्दल विचारायचं. रांग ६४ किलोबाइटच्या वर गेली की जोडणी तोडावी, असं सध्या मनात आहे. जुने निरोप टाकून देण्यापेक्षा मला हे बरं वाटतं. तुम्ही काय करता?