सेकंडरीच दोषी निघाली! (8 इंची डॉब, नोंद पाचवी)

सापडलं. माझ्या डॉबमधल्या (साध्या बैठकीवर हाताने फिरवायच्या आरशाच्या दुर्बिणीतल्या) ज्या दोषाच्या मागे पाच आठवडे लागलो होतो तो मुख्य आरशात नाही, आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) नाही, माझ्या डोळ्यातही नाही. तो सेकंडरीत, म्हणजे प्रकाश आयपीसकडे वळवणाऱ्या छोट्या सपाट आरशात आहे. दुकानाने तो मान्य केला आणि बदली सेकंडरी होल्डरसकट परवा हातात पडली. मागची नोंद मी फार निराश होऊन लिहिली होती, म्हणून ही आधी लिहायला बसलो. फ्लॉकिंगचं (नळीला आतून काळं अस्तर लावण्याचं) काम मागे राहिलं आहे, ते राहू दे.

दुखणं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. 100 पटीपर्यंत सगळं छान. 6 मिमीचा आयपीस लावून 200 पटीवर गेलं की तारा टिंब व्हायलाच तयार नाही. फोकसर (आयपीस आत-बाहेर सरकवणारा भाग) आत घेतला की अंडाकृती आडवी, बाहेर काढला की उभी आणि मधे, जिथे टिंब दिसायला हवं, तिथे बारीकशी फुली. 200 मिमीच्या आरशाची डॉझ मर्यादा (जवळचे दोन तारे वेगळे दिसण्याची हद्द) 0.58 आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग). एप्सिलॉन लायरी म्हणजे दोन जोड्यांतले चार तारे; प्रत्येक जोडीतल्या दोन ताऱ्यांमधलं अंतर दोन ते अडीच आर्कसेकंदांच्या घरात. म्हणजे शांत हवेत त्या अगदी सहज सुटायला हव्यात. मला मात्र दोन लांबट डागच दिसत होते.

दुकानाचं उत्तर तीनही वेळा एकच: कोलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) करून घ्या. मी करत होतो, रोज करत होतो, त्यांच्याकडूनच घेतलेल्या लेझरने. चौथ्या-पाचव्या दिवशी सहज लेझर फोकसरमध्ये गोल फिरवून पाहिला आणि मुख्य आरशावरचा लाल ठिपका माझ्याबरोबर फिरू लागला. लेझरच वाकडा! मग एका फळीवर चार खिळे दोन-दोन करून कैचीसारखे ठोकले, त्यावर लेझर आडवा ठेवला आणि 10 मीटर लांबच्या भिंतीवर ठिपका कुठे पडतो ते पेन्सिलीने खुणावत लेझर हळूहळू फिरवला. जवळपास 4 सेंमी व्यासाचं वर्तुळ झालं. हिशोब केला तर आरशापर्यंतच्या 1200 मिमीमध्ये ठिपका अडीच मिमीच्या आसपास भलतीकडे पडत होता. लेझरच्या अंगावर रबराने बुजवलेले तीन बारीक अ‍ॅलन स्क्रू असतात. ते रबर सुईने उकरून काढलं आणि दीड तास खपून वर्तुळ मटारएवढं केलं.

यावर माझं मत आता पक्कं झालं आहे. लेझर नवा असो की जुना, फळीवर फिरवून पाहिल्याशिवाय त्याच्यावर विश्वास टाकू नका. चेशायरमध्ये (डोळ्याने पाहून आरसे जुळवायच्या साध्या नळीत) हलणारं, बिघडणारं काहीच नाही, म्हणून मला तोच जास्त प्रिय आहे. 1990 मध्ये हबल दुर्बीण अवकाशात गेली तेव्हा तिचा आरसाही अशाच कारणाने चुकलेला होता. घासणारे कुशल होते, पण ज्या उपकरणाने आरसा तपासला त्यातलंच एक भिंग 1.3 मिमी सरकलेलं होतं. मोजपट्टी चुकली की पुढचं सगळं काम चुकतं.

लेझर सुधारला, चेशायरने पडताळला, कोलिमेशन अगदी नेमकं बसलं. आणि तारा? तसाच. आडवा-उभा, आडवा-उभा. त्या रात्री दुर्बीण झाकून ठेवली आणि चार दिवस हात लावला नाही.

पुन्हा हुरूप आला तो तुमच्यापैकी दोघांच्या सूचनेने: एका वेळी एकच गोष्ट फिरवायची आणि अंडाकृती तिच्याबरोबर फिरते का ते बघायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही. यासाठी ध्रुवतारा घेतला, कारण डॉबला ट्रॅकिंग नाही आणि हा एकच ठळक तारा दृष्टिक्षेत्रात निवांत बसून राहतो. नळी दोन तास आधी बाहेर काढून थंड होऊ दिली. सीइंगचा (हवेच्या थरथरीचा) दोष असता तर आकार क्षणोक्षणी बदलला असता. इथे अंडाकृती थरथरत होती, पण दिशा सोडत नव्हती.

आधी डोळा. मान तिरकी करून पाहिलं, दिशा बदलली नाही. ज्याच्या नावाची चकती (ताऱ्याचं छोटं गोल प्रतिबिंब) आपण आयपीसमध्ये शोधतो त्या खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरीच्या स्वतःच्या डाव्या डोळ्यात किरण एका ठिकाणी न जुळण्याचा दोष, म्हणजे अ‍ॅस्टिग्मॅटिझम होता. त्याने तो मोजला आणि 1825 च्या सुमारास त्यावर दंडगोलाकार भिंग करून घेतलं, म्हणून डोळ्यावरचा संशय मी हसण्यावारी नेत नाही. मग आयपीस फिरवला, काही फरक नाही. दुसरा आयपीस बार्लो (पट वाढवणारं जोडभिंग) लावून पाहिला, तेच.

आता मुख्य आरसा. इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण वॉरंटीला धक्का न लावता करता येतं. आरसा सेलमधून (त्याला धरणाऱ्या चौकटीतून) काढायचाच नाही. सेल नळीला सहा स्क्रूंनी जोडलेली आहे. नळी आडवी ठेवली, सेलवर आणि नळीवर पेनाने खूण केली, सहाही स्क्रू काढले, सेल आरशासकट 120 अंश फिरवली आणि पुन्हा बसवली. क्लिप आरशाला आवळत असत्या तर तो दोषही बरोबर फिरला असता. कोलिमेशन पुन्हा केलं, ध्रुवतारा पुन्हा लावला. फोकसर आत... आडवा. बाहेर... उभा. तसूभरही फिरला नव्हता! मुख्य आरसा निर्दोष. अंधारात एकटाच होतो, पण मोठ्याने ओरडलो.

शेवटची खात्री बोटाने केली. तारा फोकसबाहेर ठेवून नळीच्या तोंडाशी फोकसरच्या बाजूने एक बोट आत सरकवलं. बोटाची काळी सावली बरोबर अंडाकृतीच्या टोकाशी उगवली. म्हणजे तिची लांबी फोकसरच्याच रेषेत. सेकंडरी 45 अंशांत तिरकी बसते. तिचा पृष्ठभाग सपाट नसून किंचितही वक्र असला तर त्या रेषेतले किरण एका ठिकाणी जुळतात आणि आडव्या रेषेतले दुसऱ्या. फुली तिथूनच येते.

दुकानाला या वेळी तक्रार पाठवली नाही, पुरावा पाठवला. फोन आयपीसला लावून घेतलेले दोन छोटे व्हिडिओ: सेल फिरवण्याआधीचा आणि नंतरचा. सोबत चार ओळी आणि एक प्रश्न: सेकंडरी मी सोडवली तर वॉरंटी राहील का, लेखी कळवा. आधी त्यांचा आग्रह होता की अख्खी नळी पाठवा. मी नकार दिला. चांगला निघालेला आरसा कुरियरच्या हाती देऊन मला तो गमवायचा नव्हता. व्हिडिओ त्यांच्या तंत्रज्ञापर्यंत पोचले आणि दुसऱ्याच दिवशी होकार आला. विक्रीच्या टेबलावरच्या माणसाला अंडाकृती समजावत बसण्यात माझे तीन आठवडे गेले. तंत्रज्ञाला पहिल्याच दिवशी गाठायला हवं होतं. तुम्हीही तेच करा, आणि दुर्बीण आल्यावर पहिल्या आठवड्यातच स्टार टेस्ट (तारा फोकसच्या आत-बाहेर करून आकार तपासणं) उरका. नवख्या माणसाला वाटतं आपल्यालाच बघता येत नाही, आणि तो दुर्बीण कोपऱ्यात ठेवून देतो. याचं मला फार वाईट वाटतं.

बसवणं सोपं गेलं. नळी आडवी ठेवा, म्हणजे अ‍ॅलन की हातातून सुटली तरी मुख्य आरशावर पडत नाही. सेकंडरीच्या मागे पांढरा कागद धरला की तिची कड स्वच्छ दिसते.

आणि मग काल रात्र. ध्रुवतारा: आत गोल, बाहेर गोल, दोन्हीकडे सारखी वलयं. नेमक्या फोकसला छोटी घट्ट चकती, भोवती एक नाजूक तुटकं वलय आणि 18 आर्कसेकंदांवर त्याचा मंद सोबती सुईच्या टोकासारखा. नंतर एप्सिलॉन लायरी. चार तारे! दोन-दोनच्या दोन जोड्या, एकमेकींना काटकोनात, आणि प्रत्येक जोडीच्या मधे काळंभोर आकाश. अर्धा तास दुसरीकडे दुर्बीण वळवावीशीच वाटली नाही.

जुनी सेकंडरी आज परत पाठवणार होतो. पण हे लिहिताना निरीक्षणवही चाळली आणि एक गोष्ट ध्यानात आली: संध्याकाळच्या नोंदींत अंडाकृती बारीक आहे, पहाटेच्या थंडीतल्या नोंदींत ठसठशीत. काच मुळातच वाकडी असती तर असा फरक का पडावा? जुन्या होल्डरची पाठ आत्ता पुन्हा पाहिली. सिलिकॉनचे तीन ठिपके असायला हवेत, तिथे पूर्ण पाठभर कडक गोंद थापलेला आहे. थंडीत काच आणि होल्डर वेगवेगळे आकसतात आणि तो गोंद काचेला ओढतो, असं असणार. मग काच कदाचित चांगलीच असेल.

तेव्हा बेत बदलला. तंत्रज्ञाला आत्ताच लिहून आठवडाभराची मुदत मागितली आहे आणि गोंदाचा फोटोही जोडला आहे, कारण त्या खेपेतल्या इतर दुर्बिणींतही हेच झालेलं असू शकतं. जुनी सेकंडरी पुन्हा चढवून कृत्रिम ताऱ्यावर तपासेन, एकदा खोलीच्या तापमानाला आणि एकदा गार करून. तारा म्हणून 20 मिमीची पोलादी गोळी: उन्हात तिच्यात सूर्याचं प्रतिबिंब जेमतेम 0.05 मिमीचं पडतं आणि 40 मीटरवर माझ्या एअरी चकतीची रुंदी पाव मिमीहून थोडी जास्त भरते, म्हणजे गोळी ताऱ्यासारखीच दिसेल. सूर्य दुर्बिणीच्या पाठीमागे राहील अशीच मांडणी करायची, नळी त्याच्याकडे वळता कामा नये. ऊन चढलं की जमिनीवरची हवा उकळायला लागते, म्हणून सकाळचा पहिला तास. गोळी काळ्या कापडावर चिकटवून ठेवली आहे.